न थकणारी बाहुली

भुताखेतांचे चित्रपट पाहायला मी सहसा जात नाही. पण अमेरिकेत २०२३ च्या जानेवारीत झळकलेला, जेरार्ड जॉनस्टोन दिग्दर्शित ‘मेगन’ पाहिला आणि आधी हसूच आले. खून करण्यापूर्वी चक्क नाचून दाखवणारी यंत्रबाहुली! पुढे मात्र हसू आटले.

अपघातात आईबाप गमावलेली केडी मावशीकडे येते. मावशी जेम्मा खेळण्यांच्या कंपनीत यंत्रे घडवणारी. पोरीचे दुःख तिला पेलत नाही, म्हणून ती बाहुली घडवून देते. बाहुली गाणे म्हणते, आईच्या आठवणी साठवून ठेवते, कधीच कंटाळत नाही. हळूहळू केडीला माणूस नकोसे होते.

‘माय मरो, मावशी जगो’ या म्हणीवरच मी बेळगावात वाढलो. माझी मावशी दमायची, चिडायची, शेजारणीकडे कानडीत माझी गाऱ्हाणी सांगायची. मला थोपटता थोपटता स्वतःच आधी झोपायची. मग मीच तिच्या अंगावर पांघरूण घालायचो. दुसऱ्याचे दमणे ओळखायला मी तिथे शिकलो. न थकणारी बाहुली हे कसे शिकवणार?

अखेरीस केडीच त्या बाहुलीशी झुंजते, चुकणाऱ्या, गोंधळणाऱ्या मावशीला वाचवण्यासाठी. तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. माझा मात्र गळा दाटून आला.