फ्लेक्स उतरवल्यावर

पाचवीच्या शिष्यवृत्तीत मुलाचं नाव गुणवत्ता यादीत लागलं. आठवड्याच्या आत पोलादपूरला महाबळेश्वर फाट्यावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स झळकला. आम्हाला आनंदच झाला. पोरं मात्र त्याला 'कलेक्टर' म्हणायला लागली. क्रिकेटला गेला की, "तू अभ्यास कर, कलेक्टर," म्हणून परत पाठवायची.

सहावीच्या चाचणीत मार्क घसरले. पेपर घरी आला तेव्हा मी नीट बघितला. समासात गणित बरोबर सोडवून खोडलेलं होतं, पेन्सिलीचा माग दिसत होता. उत्तराच्या जागी भलताच आकडा. विचारलं तर म्हणाला, "आई, मला सगळ्यांएवढेच मार्क पाहिजेत." त्या रात्री मला झोप लागली नाही.

यांची महाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी होती. सकाळी आल्या आल्या त्यांनी फ्लेक्स उतरवून आणला. मग वर्गशिक्षकांना भेटलो. सरांनी "बघा, याला येतं" म्हणणं बंद केलं. वर्गाचं काम झालं की ते त्याच्या वहीत गुपचूप एखादं अवघड गणित लिहून द्यायचे. सगळ्यात लवकर फरक पडला तो यानेच. कोणी पालक विचारतात तेव्हा मी हेच आधी सांगते.

नातेवाईक म्हणत होते, पुण्याला ज्ञानप्रबोधिनीत पाठवा. आप्पा पेंडशांनी 1962 साली ती अशा मुलांसाठीच काढली, हे खरं. पण त्याला घर सोडायचं नव्हतं. मलाही धीर होत नव्हता.

संध्याकाळी तो गावातल्या पोरांत कबड्डीला जायला लागला. तिथे तो कच्चा लिंबू. चढाईला गेला की लगेच पकड. पोरं त्याच्यावर मनसोक्त ओरडायची. गुडघे सोलून यायचा आणि जेवताना परत भात मागायचा.

सहावीला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा असते. मुंबईचे विज्ञान शिक्षक ती 1981 पासून घेतात. बसायचं की नाही, ते त्याच्यावर सोडलं. त्याची अट एकच, गावात सांगायचं नाही. लेखी निघाली. प्रयोग परीक्षेला मी घेऊन गेले. बाहेर अनोळखी पोरं लिटमसवरून हमरीतुमरीवर आली होती आणि हा त्यांच्यात होता. सगळीच तशी, त्यामुळे कौतुक कोणाचंच नाही. परतताना एसटीत तो त्या पोरांबद्दलच बोलत होता.

आता सातवीत आहे. मार्क चांगले पडतात. मित्रांनी विचारलं की अजून दोन-चार कमी करून सांगतो. मी काही बोलत नाही.