दहा वाघांचे उसने बळ

नांदेड आणि लातूर या शहरांतील जी पिढी साठ-सत्तरच्या दशकांत वाचायला शिकली, तिच्या मनात इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाने जी जागा मिळवली, ती शाळेच्या धड्यांतील कोणत्याही वीराला सहसा मिळाली नाही. अमेरिकी लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी हा नायक वृत्तपत्री चित्रपट्टीतून, म्हणजे रोज तीन-चार चौकटींनी पुढे सरकणाऱ्या चित्रकथेतून, वाचकांसमोर आणला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले, तेव्हा त्याच्या राज्याचे नाव डेंकाली झाले आणि मराठी वाचकांसाठी फँटमचा वेताळ झाला. त्या काळी लातूरपर्यंत पूर्वीच्या बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावरची नॅरोगेज गाडी येई आणि नांदेड मीटरगेजवर होते. मुंबईहून रेल्वेने निघालेल्या माणसाला आणि मालालाही कुर्डुवाडी किंवा मनमाड येथे गाडी बदलावी लागे. इतक्या लांबून आलेला, एसटी स्टँडवरच्या टपरीत टांगलेला नवा अंक एकाने घ्यायचा आणि गल्लीतल्या सगळ्यांनी वाचायचा, हा तेव्हाचा रिवाज होता. अंकाची मलपृष्ठे सर्वांत आधी का निखळत, हे त्यावरून सहज कळते.

या कथांचे आकर्षण जंगलात किंवा कवटीच्या गुहेत असावे असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ते एका गुपितात होते. वेताळ अमर आहे, चारशे वर्षांपासून तोच एक माणूस जंगलात फिरतो आहे, असे डेंकालीतील टोळ्या आणि समुद्री चाचे मानतात. वाचकाला मात्र ठाऊक असते की हा एकविसावा वेताळ आहे, त्याच्या आधीचे वीस जण गुहेतील तळघरात पुरलेले आहेत आणि एखादी गोळी वर्मी लागली तर हाही तेथेच जाईल. त्याच्या अंगी दैवी शक्ती नाही; आहे ती कमावलेली ताकद, अचूक नेम आणि बापाकडून मुलाकडे आलेली दहशत. त्यामुळे वेताळाच्या ठोशाने जबड्यावर उमटलेली त्याच्या अंगठीची खूण पाहून गुंड थरथरतो, तेव्हा दहा वर्षांचा वाचक त्या भीतीचे खरे कारण जाणून असतो आणि नायकाच्या या मोठ्या थापेत भागीदार होतो. सर्वशक्तिमान नायकाला टाळ्या मिळतात, पण मरू शकणाऱ्या नायकाची काळजी वाटते, आणि ही काळजीच वाचकाला पुढच्या अंकाकडे ओढत नेई.

१९८६ साली मार्व्हल प्रॉडक्शन्सने ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ ही पासष्ट भागांची अॅनिमेशन मालिका काढली, तेव्हा नेमके हेच गुपित मोडीत निघाले. वेताळ, जादूगार मँड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन यांना एकत्र आणून मिंग या परग्रहावरील सम्राटाशी लढवणाऱ्या या मालिकेचे सुरुवातीचे भाग जोडून व्हिडिओफितीसाठी चित्रपटही तयार करण्यात आला. जुन्या वाचकांपैकी अनेकांना तो फार उशिरा, चाळिशी-पन्नाशीत, संगणकाच्या पडद्यावर सापडला. त्यातील सत्ताविसावा वेताळ संकटात जंगलाच्या कायद्याला साद घालतो आणि त्याच्या अंगात दहा वाघांचे बळ संचारते. निर्मात्यांना यात भर घातल्यासारखे वाटले असावे, परंतु ज्याच्या अंगी खरोखरच वाघांचे बळ येते त्याला अमरत्वाच्या अफवेची गरज उरत नाही, आणि अफवेची गरज उरली नाही की आधीच्या थडग्यांनाही अर्थ उरत नाही.

तंत्रानेही घात केला. मर्यादित अॅनिमेशन म्हणजे खर्च वाचवण्यासाठी दर सेकंदाला लागणाऱ्या चित्रांची संख्या कमी ठेवणे, धड स्थिर ठेवून ओठ तेवढे हलवणे आणि एकदा केलेले दृश्य पुन्हा पुन्हा वापरणे. वाघांचे बळ संचारण्याचे दृश्य या शेवटच्या सोयीला फारच मानवले. कॉमिक्समध्ये दोन चौकटींमधील कोरी फट वाचक आपल्या कल्पनेने भरतो, असे कॉमिक्सचे अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मधील आपल्या पुस्तकात मांडले आहे. वेताळाचा ठोसा निघतो एका चौकटीत आणि माणूस कोसळतो दुसऱ्या चौकटीत, त्या दोहोंमधला वेग वाचकाचा स्वतःचा असतो. पडद्याने तो हिरावून घेतला आणि बदल्यात ताठर, अडखळती हालचाल दिली. तथापि दोष अॅनिमेशन या माध्यमाचा नव्हे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत दाखवले गेलेले जपानी ‘जंगल बुक’ही मालिकेच्याच चौकटीत बसवलेले होते, पण त्यातला मोगली हरू शकत असे आणि घाबरतही असे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की प्रौढपणी मूळ अंक पुन्हा उघडले तर तेथेही खटकणारे पुष्कळ सापडते. एक गोरा माणूस पिढ्यान्पिढ्या आफ्रिकी वळणाच्या जंगलावर हुकूम चालवतो आणि तेथील माणसे भोळेपणाने त्याला अमर मानतात, ही रचना वसाहतवादी आहे. मँड्रेकचा आफ्रिकी साथीदार लोथार तर मूळ मँड्रेककथांत दीर्घकाळ नोकराच्या भूमिकेत होता. ‘डिफेंडर्स’ मालिकेने त्याला बरोबरीचा योद्धा केले, ही तिची खरी सुधारणा.

१९९४ ते १९९६ या काळात आलेल्या ‘फँटम २०४०’ या अॅनिमेशन मालिकेने चोविसावा वेताळ पुन्हा मर्त्य केला, आणि पीटर चुंग यांनी रेखाटलेल्या सडसडीत आकृत्यांमुळे तो डोळ्यांनाही भावतो, तरीही इंद्रजालचा वाचक त्यात रमत नाही, कारण तेथे जंगलाला यंत्रनगरीखाली गाडले आहे.

‘डिफेंडर्स’मध्ये एक धागा मात्र मोलाचा होता. तेथे वेताळाला मुलगा नाही, जेड्डा ही मुलगी आहे, आणि प्राण्यांशी मनाने बोलणारी ही मुलगी अठ्ठाविसावी होईल काय, असा प्रश्न पहिल्या भागापासून प्रेक्षकाच्या मनात येतो. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली हिने भावाचा पोशाख चढवून त्याची जागा चालवली, असे फॉक यांनी पूर्वीच लिहून ठेवले असल्यामुळे हे परंपरेबाहेरचेही नव्हते. मालिकेने पासष्ट भागांचा बहुतेक वेळ मिंगच्या यंत्रमानवांना फोडण्यात घालवला, आणि जेड्डाच्या वाट्याला प्रामुख्याने बापाच्या मदतनिसाचे काम आले.