सहा आकडे कळव

मोलगी, ता. अक्कलकुवा
डिसेंबरअखेर

चिरंजीव भाचेराव,


गाडीत बसवायला घेतलेल्या जुन्या इंजिनाचे तू ऑकलंडहून पाठवलेले फोटो पोचले. मोलगीत नेट येतं-जातं, त्यामुळे तीन रात्री लागल्या, पण एकेक फोटो मोठा करून पाहिला. "मामा, तुम्हाला काय वाटतं?" असं तू विचारलंस आणि मी "पत्र लिहितो" म्हणालो, तेव्हा तू हसलास. हस बापड्या. फोनवर मी नुसता हं-हं करतो, लिहायला बसलो की बरोबर आठवतं. इकडे गारठा असा आहे की डाब गावाकडे गवतावरचं दव गोठतंय. सकाळी हीटर प्लग तापल्याशिवाय गाड्या हूं की चूं करत नाहीत.

आधी कबूल करतो, हे तुझं रोटरी इंजिन मी हाताळलेलं नाही. तू पाठवलेलं वाचलं, चित्रं पाहिली, आणि गॅरेजातल्या पोरांना खडूने फरशीवर काढून दाखवलं. ना पिस्टन, ना व्हॉल्व्ह, ना कनेक्टिंग रॉड. फुगीर बाजूंचा एक तिकोना, तो लांबट घरात गरगरत फिरतो. तिन्ही बाजूंना आळीपाळीने हवा ओढणं, दाबणं, जळणं, बाहेर टाकणं चालू. तुझ्या १३बी इंजिनात असे दोन तिकोने, ६५४ सीसीचा एकेक, मिळून १३०८ सीसी. आपल्या जीपच्या इंजिनाच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यावर दोन टर्बो! फेलिक्स वॅंकेलच्या कल्पनेतलं पहिलं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ साली चाललं, आणि त्या वॅंकेलकडे गाडी चालवायचा परवाना जन्मात नव्हता म्हणे. हे सांगितल्यावर आमच्या गॅरेजातले दोन ड्रायव्हर फार खूश झाले. का ते विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. विकणाऱ्याने तुला "चालतं इंजिन आहे, बसव आणि फिर" असं सांगितलं. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. जुनं इंजिन घेतोस तेव्हा त्याच्याबरोबर आधीच्या माणसाची सगळ्या खोडी घरी आणतोस. कोणी थंडीत सुरू केल्या केल्या रेस मारली असेल, कोणी घाट चढून आल्यावर टर्बो लालभडक असताना चावी फिरवून चहाला गेला असेल, कोणी तेल बदलायचं 'पुढच्या महिन्यात' म्हणत वर्ष काढलं असेल. विकणारा ते सांगत नाही, बऱ्याचदा त्याला ठाऊकही नसतं.

तू पाचवीत असशील. आपल्या जुन्या ५४० जीपचं प्यूजो इंजिन, २११२ सीसी, पार बसलं होतं. बॅक कॉम्प्रेशन इतकं की तेलाचं झाकण काढलं की चिलीम ओढल्यासारखा धूर. मी एका ठोकलेल्या बोलेरोचं टर्बोवालं डीआय इंजिन आणलं, २५२३ सीसीचं. फाउंडेशनचे ब्रॅकेट स्वतः कापून वेल्ड केले, रेडिएटर मोठा टाकला. इंजिन सुरू करून ऐकलं, आवाज गोड. धूर नाही. मग खालचा तेलाचा चेंबर कशाला खोलायचा? नवं तेल ओतलं आणि जीप लाईनला लावली. नंदुरबारच्या आरटीओत जाऊन आरसी बुकात नवा इंजिन नंबरही चढवून आणला. कागद एकदम पक्के. तेवढ्यापुरता मी शहाणा होतो.

सतराव्या दिवशी काठी गावची होळी. तुला आठवत असेल, त्या दिवशी अक्कलकुव्याहून वर येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. ढोल आत, माणसं बाहेर. देवगोई घाटात तिसऱ्या वळणाला शिट्टी ऐकू आली, टर्बोची नेहमीची नव्हे, किंचित खरखरीत. मागे पाहिलं तर निळा-पांढरा धूर, रस्ता दिसेना. मी पाय उचलला. इंजिन उतरेना! उलट चढत चाललं. चावी बंद केली, तरी चढतंच आहे. टर्बोचं बेअरिंग गेलं होतं, सील गेलं होतं, आणि तो चेंबरमधलं तेल ओढून थेट इंजिनाला पाजत होता. डिझेल इंजिनाला जाळायला काय, तेलही चालतं. माणसांनी भराभर उड्या मारल्या. मी चौथा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिलो आणि क्लच सोडला. जीप हिसका देऊन मेली. क्लीनरने तोवर एअर क्लीनरच्या तोंडात गोणपाट कोंबलं होतं, त्या पोराचे उपकार. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ढोलवाले तिथून चालत काठीला गेले आणि वेळेवर पोचले.

दुसऱ्या दिवशी चेंबर उतरवला. तेल ओढायच्या जाळीवर लाल पेस्टचे तुकडे, शेवयांसारखे. आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीने गॅस्केटऐवजी पेस्ट फासली होती, बोट-बोट जाड. आत दाबली गेलेली सुकून तुटली आणि जाळीत बसली. क्रँकला तेल कसंबसं पुरत होतं, टर्बोपर्यंत जाता जाता धार तुटत होती. ज्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो त्याला तेल नाही! चेंबरचे बोल्ट आणि एक गॅस्केट, अर्ध्या दिवसाचं काम मी टाळलं होतं. म्हणून त्या मिस्त्रीला शिव्या देताना माझा आवाज जरा बारीकच असतो.

तर तुझ्या इंजिनाचा चेंबर आधी काढ. जाळी बघ, खाली बसलेला गाळ चुंबकाने चाळून बघ. तुझ्याकडे तर तिकोनेही आतून तेलानेच थंड होतात, म्हणजे ऑइल कूलर हा चैनीचा भाग नाही. आधीच्या गाडीत बेअरिंग गेलं असेल तर त्याचा चुरा कूलरच्या पोटात असतो आणि कितीही धुतला तरी निघत नाही. जुना कूलर वापरूच नकोस. टर्बोतून तेल परत येणारी नळी जाड आणि सरळ उताराची ठेव. गाडी बदलली की तीच नळी कुठेतरी मुरडली जाते. मग टर्बोचा दांडा दोन बोटांत धरून हलव. बाजूला किंचित हलला तर हरकत नाही, पुढे-मागे हलता कामा नये, आणि पाती घराला घासल्याची खूण नको. एक्झॉस्टकडची पाती बारकाईने बघ. तिकोन्याच्या टोकाची पट्टी, जिला तुम्ही अ‍ॅपेक्स सील म्हणता, ती तुटली की तुकडा बाहेर पडताना टर्बोतूनच जातो. पात्यांना खाच दिसली तर इंजिनाचं दुखणं तिथेच कळलं. नळ्यांच्या त्या गुंत्याचा फोटो पाहून मला बाजारातला विजेचा खांब आठवला. उन्हाने कडक झालेल्या सगळ्या नळ्या फेक.

पण मुख्य इंजिन खोलायचं का? इथे मी तुला उलटं सांगणार आहे. डिझेल मी आता हमखास खोलतो. तुझं लगेच खोलू नकोस. पाच थरांचं ते सँडविच, तीन लोखंडाचे थर, मध्ये दोन अ‍ॅल्युमिनियमची घरं, लांब बोल्टांनी आवळलेली. एकदा सोडलं की पाण्याच्या सगळ्या रबरी रिंगा नव्या, आणि इतकं उघडलंच आहे म्हणून पट्ट्याही नव्या. तो खर्च इंजिनाच्या किमतीहून वर जाईल. आधी कॉम्प्रेशन मोजून बघ.

प्लग काढून भोकांतून थोडं तेल सोड, एक रात्र राहू दे, मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हळू फिरव. इंजिनाच्या दांड्याचा एक फेरा, एका तिकोन्याचा एक फुसकारा. तीन फेऱ्यांत तिन्ही बाजू बोलतात. कान देऊन ऐक, सारखे आहेत का. तेल टाकून लगेच गेज लावू नकोस, ओल्या पट्ट्यांवर आकडा खोटा चढतो. स्टार्टरने फिरवून तेल उडवून दे, मग मोज. साधं गेज सगळ्यात मोठा आकडा धरून बसतं, त्यातली झडप काढ म्हणजे काटा नाचेल, आणि त्याचं फोनवर चित्रण कर. एकच बाजू कमी असेल तर बहुधा बाजूची पट्टी चिकटली असेल, ती कधी कधी सुटते. शेजारच्या दोन बाजू कमी असतील तर मधली टोकाची पट्टी गेली, कारण ती दोन्हींच्या सामाईक भिंतीसारखी. तसं निघालं तर इंजिन उघडायचं, रडायचं नाही.

तेलाचं आणखी एक. हे इंजिन तेल खातं हा त्याचा दोष नाही, खायलाच हवं. त्याचा छोटा पंप पट्ट्यांना तेल चाटवत असतो. तुझा मित्र तो पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं म्हणतो, ते मला पटतं. आपण लुनात तेच करत होतो. फक्त दर वेळी मोजून घाल. तुझ्या आजोबांनी एकदा अंदाजाने घातलं होतं, लुना शहाद्यापर्यंत ढकलत न्यावी लागली.

पेट्रोलचे इंजेक्टर धुऊन, धार तपासून घे. डिझेल खडखडलं तरी महिनाभर चालतं. तुझ्याकडे टर्बोच्या दाबाखाली पेट्रोल कमी पडलं की एका खडखडीत पट्टी जाते. म्हणून पहिलं वर्ष बूस्ट वाढवायचा नाही. तू वाढवशील, मला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो. आणि तिकडेही इंजिन बदललं की वेगळ्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं म्हणालास, त्या तपासनीसाला ब्रॅकेट कापायच्या आधी भेट, नंतर नव्हे.

ताई तुला आमचूर पाठवणार होती. तुमच्या विमानतळावर खाण्याच्या जिन्नसांवरून फार चौकशी होते म्हणून मी थांबवलं. रागावली आहे, तिला फोन कर.

इंजिन अजून टेबलावरच असू दे. दोन तिकोने, तीन-तीन बाजू, असे सहा आकडे मला लिहून कळव. ते येईपर्यंत गाडीचं बॉनेट काढायचंसुद्धा नाही.

तुझा,
मामा