माळावरची कुंडी

आमचे अंकुशनगर साखर कारखान्याच्या आश्रयाने वसलेले गाव आहे. जायकवाडीचा डावा कालवा या भागातून जातो. त्यामुळे उसाचे मळे हिरवेगार दिसतात, आणि नवख्या माणसास येथे कधी पाण्याची वाण पडत असेल असे वाटतच नाही. परंतु मळे ओलांडून थोडे पुढे गेले, की हिरवा रंग मागे पडतो आणि खुरट्या बोरी-बाभळींचा, कुसळी गवताचा उघडा माळ लागतो. काळवीट, रोही, ससे, कोल्हे आणि मोर यांचे ते घर. सेवानिवृत्त झाल्यापासून मी रोज पहाटे त्या माळापर्यंत फिरावयास जातो. तेथे सिमेंटची एक उथळ कुंडी आहे. तिच्यापाशी आल्यावर माझी पावले आपोआप थांबतात.

सन २०१२च्या पावसाळ्याने मराठवाड्यास दगा दिला. पुढचा उन्हाळा आमच्या जिल्ह्याने कसा काढला, ते ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कित्येक शेतकऱ्यांनी त्या स्वतःच्या हातांनी तोडल्या. टँकर आला, की सारे गाव घागरी घेऊन धावत असे. मी तेव्हा जवळच्याच एका खेड्यात मुख्याध्यापक होतो.

एके दिवशी सातवीच्या वर्गात मी संत एकनाथांची कथा सांगत होतो. पैठण आमच्यापासून फार दूर नाही. तेथील नाथांची ही कथा आमच्याकडे घरोघरी सांगितली जाते. रामेश्वरास वाहावयाची गंगेची कावड नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, हे सांगून मी थांबलो, तोच मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, माळावरच्या हरणांना पाणी कोण पाजतं?"

त्या प्रश्नाने आम्हा सर्वांस जणू झपाटले. आठ दिवसांत मुलांनी माळावर खड्डा खणला. एका पालकाने सिमेंट दिले, दुसऱ्याने गवंडीकाम केले. आमची टाकी चार फूट खोल, उभ्या भिंतींची आणि आतून गुळगुळीत गिलावा केलेली होती. थेंबही झिरपू नये, एवढाच विचार मी केला होता. पाणी मात्र अर्ध्यापर्यंतच भरता आले; तेही एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीतून बैलगाडीवर पिंपे भरून आणले म्हणून. पहिल्या चार दिवसांत होले आले, साळुंक्या आल्या, भोवतालच्या मातीत खुरांचे ठसेही दिसू लागले. मुलांचा आनंद गगनात मावेना, आणि खरे सांगावयाचे तर माझाही.

पाचव्या दिवशी सकाळी टाकीत काळविटाचे एक पाडस मरून पडले होते. पाणी खाली होते. ते पिण्यासाठी वाकले असेल, तोल गेला असेल, आणि त्या गुळगुळीत भिंतींवर त्याच्या इवल्या खुरांस कोठे आधारच मिळाला नसेल. मुले गप्प उभी होती. एका मुलीने मला विचारले, "सर, आपण टाकी बांधली नसती, तर ते जगलं असतं का?" इतकी वर्षे मी मुलांना उत्तरे देत आलो होतो; त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

काळवीट हा कायद्याने संरक्षित प्राणी असल्यामुळे वनखात्यास कळविणे भाग होते. वनरक्षक आला, त्याने पंचनामा केला. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते! तो शांतपणे एवढेच म्हणाला, "गुरुजी, जनावर पाण्यात उतरतं, तसं त्याला चढूनही येता आलं पाहिजे." मग त्याने काठीने मातीत बशीचा आकार काढून दाखविला. कडा जमिनीसपाट, चहूबाजूंनी हळूहळू उतरता तळ, मधोमध वीतभर पाणी. पृष्ठभाग खरबरीत, पाखरांना बसण्यासाठी दोनचार दगड. जवळ दाट झुडूप नसावे, कारण शिकारी प्राणी तेथे दबा धरतात. शेतापासून आणि गाडीवाटेपासून ते दूर असावे. ताडोबा, मेळघाट येथील रानांत वनखाते उन्हाळ्यात असेच पाणवठे भरते, कोठे टँकरने, कोठे सौरपंपाने, असेही त्याने सांगितले.

त्याचे बोलणे ऐकताना मला गावच्या बारवेजवळचा दगडी हाळ आठवला. गुरांनी पाणी प्यावे म्हणून तो पूर्वजांनी बांधला होता. त्याची कड इतकी ठेंगणी, की वासरासही मान वाकविण्याचे कष्ट पडू नयेत. 'हाळ' या शब्दाचा अर्थ मी वर्गात अनेकदा सांगितला होता; पण हाळ कसा बांधतात, हे मात्र कधी न्याहाळले नव्हते.

आम्ही टाकी बुजविली आणि तिच्या जागी बशीसारखी कुंडी केली. आता सारे सुरळीत होईल असे वाटले. पण मेच्या मध्यास ती विहीर आटली. जनावरांस कुंडीची सवय लागली होती. भर उन्हाळ्यात ती कोरडी ठेवणे म्हणजे त्यांना बोलावून दाराशी उपाशी ठेवण्यासारखे होते. पाण्यासाठी मी गावात हिंडलो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ संतापून म्हणाले, "मास्तर, माणसांना पाणी नाही आणि तुम्ही हरणांना पाजता? अहो, हीच हरणं उद्या आमची कोवळी पिकं खातील!" त्यांचे काही चुकले होते, असे मला आजही म्हणवत नाही. शेवटी मुलांनी हातपाय धुण्याच्या पाण्यात काटकसर केली, आणि रोज दोन पिंपे कशीबशी जमली. दुसऱ्या आठवड्यात त्या म्हाताऱ्यांनीही एक घागर पाठविली. पण स्वतः आले नाहीत.

त्या वर्षी २५ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. या रात्री वनखात्याची माणसे पाणवठ्याजवळ मचाणावर बसून चांदण्यात प्राणी मोजतात. मीही दोन मुलांसह दूरच्या बांधाआड बसलो. प्रथम ससा आला. मग रोह्यांची जोडी. काळविटांचा कळप मात्र बराच वेळ लांबच उभा राहिला. कारण थोड्या वेळाने कळले: गावची चार मोकाट कुत्री कुंडीकडे येत होती. पाणी सर्वांनाच बोलावते. कोण येणार ते पाणी ठरवीत नाही. मुलांनी आरडाओरडा करून कुत्री हाकलली, तसा कळपही उधळला. पहाटेपर्यंत तो परतला नाही.

निवृत्तीनंतर मी दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाविषयी वाचले, तेव्हा त्या रात्रीची मला आठवण झाली. १९२६ साली स्थापन झालेल्या त्या उद्यानात पुढे शेकडो कूपनलिका खोदून पाणवठे केले गेले. उत्तरेकडच्या कोरड्या भागात रोन नावाचे दुर्मिळ कुरंग राहत असे. तेथे बारमाही पाणी होताच झेब्रे येऊन राहू लागले. त्यांच्यामागोमाग सिंह आले. त्यातच अवर्षणाची भर पडली. १९८६ साली सुमारे ४५० असलेली रोनांची संख्या १९९३पर्यंत ५०च्या आत आली. ज्यांनी कूपनलिका खोदल्या, त्यांचे अंतःकरणही दयाळूच असणार! पुढे तेथील अनेक पाणवठे बंद करण्यात आले.

जूनमध्ये मृगाच्या सरी आल्या, माळावरच्या खळग्यांत पाणी साचले, आणि आम्ही कुंडी भरणे थांबविले. तेव्हापासून तोच नेम आहे: पाडव्यानंतर खळगे आटले की कुंडी भरावयाची, पाऊस पडला की कोरडी ठेवावयाची. तो प्रश्न विचारणारी मुलगी सुटीत गावी आली, की खराटा घेऊन माझ्यासोबत येते. पाडसाविषयी आम्ही दोघेही बोलत नाही. कुंडीतला गाळ काढताना ती दरवेळी कडेवरून हात फिरविते आणि कोठे सिमेंट गुळगुळीत झाले असेल, तर दगडाने घासून ते पुन्हा खरबरीत करते.