पारगडची तळी

उजाडताच नेसरी सोडली. खिंडीत १६७४ साली पडलेल्या प्रतापराव गुजरांच्या स्मारकाला हात जोडले आणि चंदगडमार्गे पारगड गाठला. पायऱ्यांनी चांगलाच दम काढला. वर भवानीमातेचं दर्शन घेतलं नि गणेश तळ्याकडे वळलो. काठावर शेवाळलेला जांभा, पाण्यात बोटभर मासळी. गडावर दगड काढायचा आणि त्याच खड्ड्यात पाणी साठवायचं, ही जुनी रीत मला कुठल्याही तटाबुरुजापेक्षा हुशारीची वाटते. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा इथले किल्लेदार होते. त्यांचे वंशज अजून गडावर नांदतात. आम्ही आपले एका दिवसाचे पाहुणे! तिलारीकडचं रान धुक्यात होतं. भाकरी-खर्डा तिथंच संपवला आणि पुढचं तळं शोधायला निघालो.