ताक जमा, आंबा खर्च

मधुमेह झालेल्या माणसाला जामसंड्यात दोन गोष्टी फुकट मिळतात. एक सल्ला आणि दुसरी हापूस. दुसरीवर बंदी असल्यामुळे मी पहिलीवरच पोट भरतो. हल्ली हंगाम ताकाचा आहे. "सायबानू, ताक पिया, आतलो दाह उतारता!" पासबुक पुढे सरकवता सरकवता खातेदार बजावतात. काही जण तर सोलकढीच सुचवतात. आता सोलकढीत नारळ असतो, आमसूल असतं. गायीचा आणि विरजणाचा तिच्याशी काय संबंध?

हा दाह म्हणजे छातीतली जळजळ नव्हे, वाचकहो. पोटावर साठलेल्या चरबीतून आत काहीतरी मंदपणे धुमसत राहतं, आणि मग इन्शुलिनचा चेक पेशी धड वटवत नाहीत. दही-ताकातले जंतू आतड्यात जाऊन हे धुमसणं कमी करतात, असा तर्क. मधुमेह्यांना काही आठवडे दही, केफीर पाजून रक्त तपासलेलं आहे. काही चाचण्यांत दाहाचे आकडे थोडे उतरले, काहींत जागचे हलले नाहीत. २०२४ साली अमेरिकेच्या सरकारी खात्याने, आठवड्याला दोन कप दह्याने मधुमेहाचा धोका कमी होऊ शकेल, असं लिहायला दहीवाल्यांना परवानगी दिली. सोबत 'पुरावा मर्यादित' ही अटही घातली. शिवाय हे ज्यांना मधुमेह नाही त्यांच्यासाठी. आमचं खातं केव्हाच उघडलेलं!

आंबट दुधाने आयुष्य वाढतं म्हणणारा मेचनिकॉफ स्वतः १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी गेला. नोबेल त्याला १९०८ साली मिळालं होतं खरं, पण ते दह्याबद्दल नव्हे.

माझ्या वडिलांच्या टाचेला जांभ्या दगडाची कपची लागली होती. जखम चार महिने भरली नाही. मग पाऊल गेलं. त्यामुळे ताकाची चेष्टा आमच्या घरात मी एकटाच करतो. आई सकाळी लोणी काढते, पेला माझ्या हातात देते आणि तो रिकामा होईपर्यंत खाली बसून माझे तळवे न्याहाळते. गोळी घेतली का, हे त्यानंतर विचारते.

आम्रखंड हेही शेवटी आंबवलेलं दूधच, असा मुद्दा मी मांडून पाहिला. साखरेच्या डब्याकडे बोट दाखवून तिने तो फेटाळला. मग मी ताळेबंद मांडला : दोन पेले ताक जमा, एक हापूस खर्च.

आईने आढीतला आंबा उचलला, देठाशी हुंगला.

"ताक तुका," ती म्हणाली, "आंबो माका."