दाबायच्या बटणांची शेगडी

मला इंडक्शनची शेगडी घ्यायची होती. अट एकच: दाबायची बटणं हवीत. टच पॅनल असलं की बोट कुठे टेकलं ते मला कळत नाही, आणि चाचपायला जावं तर भलतंच काही सुरू होतं.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. फोनवरचं सगळं त्यातला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. पण खरेदीच्या ॲपवर नेमकी हवी ती माहिती फोटोत असते. तिथे टॉकबॅक नुसतं ‘इमेज’ म्हणतो. मग दादा कामावरून येईपर्यंत थांबायचं. तो कधीच कंटाळला नाही, पण तिसऱ्या वस्तूनंतर मीच ‘चालेल ही’ म्हणून मोकळी व्हायचे.

या वेळी ॲपमधल्या एआय सहायकाला विचारलं. ‘पुश बटणं आहेत,’ असं त्याने ठामपणे सांगितलं. खोकं आलं, वरून हात फिरवला, तर सगळी गुळगुळीत काच. विक्रेत्याने वर्णनात चुकीचं लिहिलं होतं आणि सहायकाने तेच मला ऐकवलं होतं. परत करायला गेले तर ॲप म्हणे, वस्तूचा फोटो काढा. तो शेवटी दादानेच काढला. फार राग आला त्या दिवशी.

दुसऱ्या खेपेला वेगळ्या शेगडीच्या फोटोचा स्क्रीनशॉट ‘बी माय आइज’ या ॲपला दिला. २०२३पासून त्यातला एआय चित्रांचं वर्णन करतो. ‘बटणं वर आलेली दिसतात, पण फोटोवरून खात्री देता येणार नाही,’ असं तो म्हणाला. हे प्रामाणिक उत्तर मला फार आवडलं. मग सहायकाला वेगळं विचारलं, ‘बटणांबद्दल कुणी तक्रार केली आहे का?’ एका ग्राहकाने लिहिलं होतं: बटणं कडक आहेत, जोर लावावा लागतो. मी लगेच ऑर्डर दिली.

सहायकाला दहादा विचारता येतं, रात्री अकरालाही, याचं मोल मला विचारा. पण म्हणून विक्रेत्याने फोटोखाली चार ओळी लिहायचं टाळावं हे मला मान्य नाही. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या चार ओळी मी उपकार म्हणून मागत नाही.

शेगडीची बटणं खरंच कडक आहेत. चालू-बंदच्या बटणावर मी आईची एक खड्याची टिकली चिकटवली आहे. सकाळी अंगठा आधी तिच्यावर जातो, खट् आवाज होतो, आणि मी चहाचं आधण ठेवते.